चंदाबाईंच्या छातीतलं मशीन

मंचरच्या शाळेत बदली होऊन मी आले ती १९९१ साली. सामान टेम्पोतून पुरतं उतरलंही नव्हतं, तोच शेजारच्या दारातून एक उंच, हडकुळी बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावरच्या टोपलीत वाकून बघितलं आणि विचारलं, "फोडणीला कांदा घालता का तुम्ही?"

नाव नाही, गाव नाही. मी म्हटलं, "घालते. का?"

"तुमची खिडकी माझ्या खिडकीसमोर येते. कांदा घालायच्या आधी लावून घेत जा."

ह्या चंदाबाई. त्यांच्या घरात कांदा-बटाटा चुलीपाशी येत नसे, आणि घरची आडत मात्र कांद्या-बटाट्याचीच. यजमान रूपचंदशेठ आणि मुलगा पीयूष दिवसभर मार्केट यार्डात. हा विरोधाभास मी त्याच दिवशी तोंडावर बोलून दाखवला. त्या म्हणाल्या, "धंदा आहे तो. खायला कुणी सांगितलंय?" मला बाई आवडली.

माहेर जुन्नरचं, कापडवाल्याचं. शाळा सातवीपर्यंत. अठराव्या वर्षी मंचरला आल्या आणि तेव्हापासून कुणाच्या शब्दावर काहीही घेतलं नाही. दुधाचा थेंब नखावर उभा करून बघायच्या. नळाला फडकं बांधायच्या, आणि फडकं धुतलं की नाही ते वास घेऊन ठरवायच्या. जैन स्थानकात प्रवचनाला बसल्या तरी एक डोळा दारातल्या चपलांवर. रूपचंदशेठ म्हणायचे, "बाई, आमचं लग्न झालं तेव्हा हिनं माझे दात मोजले होते." चंदाबाई लगेच, "एक खोटा निघाला की नाही?"

२००३ च्या दिवाळीनंतर मी त्यांना लेण्याद्रीला घेऊन गेले. मला लेणी बघायची होती, त्यांना माहेरचा मुलूख. पायऱ्या तीनशेच्या आसपास. चंदाबाई पन्नासाव्या पायरीला कठड्याला धरून खाली बसल्या. ओठ निळसर झाले होते. मी घाबरले. त्या मात्र वर बघत म्हणाल्या, "लहानपणी मी पळत चढायची. पायऱ्या वाढवल्यात यांनी."

पायऱ्या कुणी वाढवल्या नव्हत्या. महिनाभरात पाय सुजले, सपाट झोपता येईना. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं असतं, तेही होईना. हे शेवटचं त्यांना सगळ्यात लागलं. मंचरच्या डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि पुण्याला पाठवलं. बरोबर मला नेलं, कारण इंग्रजी कागद वाचायला घरातलं माणूस नको होतं. "घरचे लोक मला बरं वाटावं म्हणून खोटं वाचतील," असं त्यांनी पीयूषला त्याच्या देखत सांगितलं.

पुण्याचे डॉक्टर तरुण होते आणि भराभर बोलत. हृदय मोठं झालंय, त्याचा जोर निम्म्यावर आलाय, आणि मुख्य म्हणजे खालच्या कप्प्याच्या दोन बाजू एका वेळी आवळत नाहीत, एक आधी, एक मागून. त्यावर तीन तारांचा पेसमेकर.

चंदाबाईंनी तिथेच धरलं. "निरगुडसरच्या आमच्या नात्यातल्या बाईंना दोन तारांचा बसवलाय. मला तीन का?"

"त्यांचं हृदय संथ चालत असेल. तुमचं संथ नाही, त्याचा मेळ बिघडलाय."

"मेळ म्हणजे?"

डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले, म्हणून मीच सांगितलं. जात्यावर समोरासमोर दोघी बसतात. दोघींनी एका लयीत ओढलं तर पीठ पडतं. एकीनं ओढताना दुसरी ढकलायला लागली तर दोघी दमतात आणि पीठ काही पडत नाही. तिसरी तार त्या दुसरीला सांगते, आत्ता ओढ. एवढंच. औषधानं ती ऐकत नाही, म्हणून यंत्र.

"आणि यंत्रानं चुकीचं सांगितलं तर?"

डॉक्टरांनी उत्तर दिलं, पण ते चंदाबाईंना पटण्यासारखं नव्हतं.

जानेवारी २००४ मध्ये डाव्या खांद्याखाली मशीन बसलं. काड्यापेटीहून थोडं मोठं. सोबत एक कार्ड, त्यावर मशीनचा नंबर. चंदाबाईंनी तो नंबर माझ्या डायरीत उतरवून घ्यायला लावला. कार्ड घरचे बदलू शकतात, डायरी माझ्या कपाटात कुलपात.

चार दिवसांनी नवीन तक्रार. डाव्या कुशीवर झोपलं की पोटात टिचकी बसते, प्रत्येक ठोक्याला एक. पुन्हा पुण्याला. तिथे डॉक्टरांऐवजी कंपनीचा एक टाय लावलेला माणूस कॉम्प्युटर घेऊन आला. त्यानं छातीवर माउससारखं काहीतरी ठेवलं, चार बटणं दाबली आणि विचारलं, "आता?" टिचकी थांबली होती. तार श्वासाच्या पडद्याच्या नसेजवळून जाते, करंट थोडा कमी केला, असं त्यानं सांगितलं. कुणालाही आनंद झाला असता.

परतताना गाडी पीयूष चालवत होता. अर्ध्या वाटेत चंदाबाई म्हणाल्या, "बाई, अंगाला सुई न टोचता त्यानं माझ्या पोटातली टिचकी बंद केली. तो हृदय बंद करू शकणार नाही कशावरून?"

"तो कशाला करेल?"

"कशाला ते नंतर. करू शकेल ना?"

पीयूष आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "शकेल बहुतेक." खोटं बोलायची मला सवय नाही, आणि तिथेच माझं चुकलं. त्या दिवसापासून टायवाला माणूस त्यांच्या डोक्यात जाऊन बसला.

तरी दोन महिने चांगले गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं: मीठ एकदम कमी, लोणचं-पापड बंद, रोज सकाळी वजन. त्याच सुमारास हमरस्त्यानं पायी विहार करत महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, मंचरला आल्या होत्या. चंदाबाईंनी त्यांच्यासमोर हात जोडून मिठाचं जन्मभराचं पच्चक्खाण घेतलं. पच्चक्खाण म्हणजे त्याग, घेतला की संपलं. डॉक्टरांचं ऐकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं, पण नेम घेतला की तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्या नेमावर गावात कुणी शंका घेतली नसती. मीही नाही.

वजन करायला बाजारातला छोटा काटा आणला तो त्यांनी परत पाठवला. खालच्या गोदामात पोती तोलायचा जुना लोखंडी काटा होता, रूपचंदशेठ दर वर्षी त्याची तपासणी करून घेत. रोज सकाळी अनवाणी त्या काट्यावर उभ्या राहायच्या आणि आकडा स्वयंपाकघरातल्या जैन पंचांगावर, त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायच्या. बावन्न किलो. बावन्न. एक्कावन्न नऊशे. सामायिक व्हायला लागलं. होळीच्या सुमारास त्या माझ्या जिन्याच्या सतरा पायऱ्या चढून आल्या आणि धापही न टाकता म्हणाल्या, "खिडकी उघडी होती काल."

एप्रिलपासून आकडा चढायला लागला. त्रेपन्न, चोपन्न. पावलांवर बोट दाबलं की खळगा राहायचा. गोळ्या वाढवल्या, चार दिवस बरं, पुन्हा सूज. मे संपताना सत्तावन्न.

आणि मग संशयाला तोंड फुटलं. पीयूष यार्डातून ऐकून आला की मेलेल्या माणसाच्या छातीतलं मशीन काढून, धुऊन दुसऱ्याला बसवतात, नव्याच्या नावाखाली. तो बोलायला नको तिथे बोलला, म्हणजे आईसमोर.

"तरीच!" चंदाबाई म्हणाल्या. खांद्याखालच्या उंचवट्यावर हात ठेवून बसल्या होत्या, हात काढून घेतला. "कुणाचं आहे कुणास ठाऊक. काय खात होता, काय पीत होता."

"अगं, मशीन काय खातं?" रूपचंदशेठ.

"मशीन नाही, माणूस! मासे खाणाऱ्याच्या छातीतलं असेल तर?"

मी म्हटलं, नंबर आहे आपल्याकडे, जाऊन तपासू. गेलो. टायवाल्यानं कॉम्प्युटर लावला, पडद्यावर नंबर आला, माझ्या डायरीतला आकडा आणि तो एकच. मी समाधानानं चंदाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरात आकडा कुणीही टाइप करतं. माझी नात टीना करते."

डॉक्टरांनी आलेख बघितले. मशीन शंभरातले सत्त्याण्णव ठोके बरोबर देतंय, म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "मीठ?"

खोलीतली हवा बदलली. पीयूष ताठ झाला. "डॉक्टर, तिचं पच्चक्खाण आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मीठ नाही," मी म्हटलं. "त्यात विचारण्यासारखं काही नाही."

मग डॉक्टरांकडे एकच कारण उरलं. तिसरी तार योग्य जागी नसावी. शिरेतून दुसरी जागा मिळेल असं वाटत नाही, तेव्हा या वेळी बरगड्यांमधून जाऊन बाहेरून तार लावू. मोठं ऑपरेशन, पूर्ण भूल. हृदयाची ही अवस्था, म्हणून धोका आहे. पुढचा सोमवार.

चंदाबाई उठल्या. "उघडायचंच असेल तर सगळं काढा. नवी तार घालायची नाही. काढायच्या कागदावर सही करीन, घालायच्या नाही."

डॉक्टर म्हणाले, काढणं हे घालण्यापेक्षा वाईट, मेळ पुन्हा बिघडेल, मग फार दिवस नाहीत. त्यावर चंदाबाईंचं उत्तर, "तुम्ही असंच म्हणणार."

घरी आल्यावर रूपचंदशेठ माझ्या दारात येऊन उभे राहिले. एरवी हा माणूस थट्टेशिवाय बोलत नाही. "बाई, ती सोमवारी काढाच म्हणून सांगणार. तुमचं थोडं ऐकते. बघा काही."

मला झोप लागली नाही. मी विज्ञान शिकवलंय. हृदय सुधारलं होतं, दोन महिने. मशीन चालू आहे, सत्त्याण्णव ठोके. गोळ्या चालू. मग अंगात पाणी धरतंय कोण? मीठ. आणि मीठ नाही म्हणतात. म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय. चंदाबाई बोलणार नाहीत. उरली साळुबाई.

साळुबाई त्यांच्याकडे बारा वर्षं स्वयंपाकाच्या हाताखाली होती. आहुप्याकडची, डोंगरातली, घरी भात-नाचणीची खाचरं. शेठाणी अळणी जेवते म्हणून तिचा जीव कळवळायचा, हे मी ऐकलं होतं. मी ठरवूनच टाकलं, दयेपोटी चिमूटभर टाकत असणार.

गुरुवारी सकाळी गेले. चंदाबाई उशांना टेकून बसल्या होत्या, जपमाळ हातात. मी स्वयंपाकघरात शिरून आधी पंचांग काढलं. फेब्रुवारीपासून एकेक चौकोन बघत आले. आकडा रोज थोडाथोडा चढला असता तर मला काहीच कळलं नसतं. पण तो पायऱ्यांनी चढत होता. आठमीच्या दुसऱ्या दिवशी आठशे ग्रॅम. चौदसीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाचमीला, अग्यारसीला, म्हणजे एकादशीलाही. मधल्या दिवसांत थोडा उतरायचा, तिथी आली की वर. आणि हे सगळं होळीनंतर. त्याआधीच्या तिथी सपाट.

या तिथींना जैनांच्या घरी हिरवी भाजी चिरत नाहीत. मी साळुबाईला विचारलं, "आठमीला काय करतेस गं भाजीला?"

"पापडाची भाजी. न्हाईतर बेसनाचे गट्टे. शेठाणीबाईंना पापडाचीच आवडती."

"आणि मीठ किती टाकतेस? खरं सांग."

तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बाई, काय बोलताय तुमी? त्यांचा नेम मला म्हाईत न्हाई व्हय? मिठाचा डबा वरल्या फळीवं ठिवलाय, माझा हातबी पुरत न्हाई."

"मग पापडात?"

"पापडात बी न्हाई! होळीच्या आदी शेठाणीबाईंचं निराळं पीठ भिजवलं, समूर पाट टाकून बसल्या व्हत्या त्या. डॉक्टरनं पापड बंद केलं ते मिठापायी, मग बिनमिठाचं करू, म्हणल्या. नुस्तं पीठ लई फिकं लागाया लागलं, तवा म्हणल्या, खार वाढीव टाक. म्या दीडपट टाकला. त्यात काय झालं? खार काय मीठ न्हवं!"

पंचवीस वर्षं मी नववीच्या पोरींना पापडखार म्हणजे सोडियमचा क्षार असं फळ्यावर लिहून दिलंय. तोळ्याला तोळा धरला तर सोडियम त्यात मिठाहून काकणभर जास्तच. आणि ते बिनमिठाचे पापड चंदाबाईंनी मलाही चाखायला दिले होते. दोन खाल्ले, छान झालेत म्हणाले.

"रोज किती खातात?"

"जेवताना दोन-तीन, दोन्ही वख्ताला. तिथीला भाजीत निराळं."

मी बाहेर जाऊन चंदाबाईंसमोर उभी राहिले. रूपचंदशेठ पेपर घेऊन बसले होते. मला आडवळणानं सांगता येत नाही. सरळ सांगितलं. मिठामुळे अंगात पाणी धरतं ते त्यातल्या सोडियममुळे. तेच पापडखारात आहे. तुमच्या पायात आहे ते पापडांचं पाणी.

"पापडखार मीठ नाही," चंदाबाई म्हणाल्या.

"नाही. पण पाणी धरतो."

"डॉक्टर मीठ म्हणाला."

"पापडही म्हणाला होता."

"मिठाचे. मी बिनमिठाचे केले." माळेवरचं बोट थांबलं. "म्हणजे माझं पच्चक्खाण मोडलं?"

रूपचंदशेठांनी पेपर आपटला. "जिवाचं राहू दे! आधी पच्चक्खाणाचं बघा!"

त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. माझ्याकडेच बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधी माहीत नव्हतं. नाही मोडलं, म्हणणं सोपं होतं.

"तुमच्या शास्त्रातलं महासतीजींना विचारा," मी म्हटलं. "माझ्या शास्त्रात मोडलं."

त्यांनी माळ खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "तुमचं शास्त्र खरं कशावरून?"

"पापड सोडा आणि काट्यावर उभ्या राहा."

पीयूषनं पुण्याला फोन केला. डॉक्टर आधी चिडले, मग दहा दिवस द्यायला तयार झाले. गोळ्या त्याच, बदल काही नाही, फक्त खाराचं सगळं बंद. पापड साळुबाईनं डब्यांसकट तिच्या गावी नेले. पहिले दोन दिवस आकडा हलला नाही. चंदाबाईंनी पंचांगावर आकडा लिहून माझ्या खिडकीकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी छपन्न. पाचव्या दिवशी पंचावन्नाच्या खाली. मधे चौदस येऊन गेली, काटा चढला नाही. दहाव्या दिवशी त्रेपन्न, आणि घोट्याचं हाड दिसायला लागलं. ऑपरेशन रद्द झालं.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा टायवालाही होता. सगळं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण मी पापड बंद सांगितले होते."

"तुमच्या कागदावर खार लिहिलेला नाही," चंदाबाई म्हणाल्या. "लिहा."

त्यांनी लिहिला. टायवाल्यानं हसत विचारलं, "काकी, आता मशीनवर विश्वास बसला ना?"

"काट्याचा बसलाय. माझं बघू."

साळुबाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, तुमाला बी शेठाणीबाईंची हवा लागली." महासतीजींनी सांगितलं म्हणे, की अजाणता झालं. तरी चंदाबाईंनी पापड जन्मभरासाठी सोडले. मला मात्र शिक्षा झाली. पुढची कित्येक वर्षं बिस्किटाचा पुडा, खाण्याचा सोडा, ढोकळ्याचं तयार पीठ, सगळं माझ्या टेबलावर यायचं. "वाचा. ह्यात ते आहे का?"

२००९ च्या डिसेंबरात बॅटरी संपत आली. फक्त डबी बदलायची होती, तारा त्याच. चंदाबाईंनी कुरकूर न करता सही केली आणि शेवटी एक ओळ माझ्याकडून लिहून घेतली: जुनं मशीन आमच्या हातात द्यावं. नाहीतर दुसऱ्या कुणाला घालतील.

दिलं. धुऊन, पिशवीत बंद करून. घरी आल्यावर रूपचंदशेठांनी ते सोन्याच्या तराजूत ठेवलं, तीन तोळ्यांना थोडं कमी भरलं. पाठीवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला होता. मी डायरी उघडली, सहा वर्षं जुनं पान. चंदाबाईंनी भिंग धरलं, मी एकेक आकडा वाचला, त्यांनी एकेक आकडा मशीनवर बोट ठेवून बघितला. सगळे जुळले. पहिल्या दिवसापासून ते त्यांचंच होतं, नवं कोरं, सहा वर्षं इमानानं चाललेलं.

त्यांनी ते पदरानं पुसलं. किती वेळ तळहातावर ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलतील.

"हे खरं निघालं," चंदाबाई म्हणाल्या, आणि दुसरा हात खांद्याखाली नेला. "पण बाई, आता घातलंय त्याचं काय?"